अंधारात अंगठ्याला सापडेल तो रिमोट

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. यंदा हॉलमध्ये हौसेने होम थिएटर केलं. ६५ इंची सोनीचा टीव्ही, एव्ही रिसिव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा), ५.१ चे स्पीकर (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा), डिशचा सेट टॉप बॉक्स, फायर टीव्ही स्टिक आणि जुना ब्लू-रे प्लेयर. त्यात एसी. टीपॉयवरच्या टोपलीत आता सहा रिमोट झालेत. वडील ७४ वर्षांचे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी ऑफिसात असलो की त्यांचा फोन येतो, "आवाज येत नाहीये रे." कॉलेज रोडच्या एका दुकानदाराने पूर्ण टचस्क्रीनचा युनिव्हर्सल रिमोट सुचवलाय. सगळं एकाच पडद्यावर. २४,००० रुपये सांगतो. बायको म्हणते, पैसे वाया जातील. मला तो फार आवडलाय. घ्यावा का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी एकाच वाक्यापाशी अडकलो: "आवाज येत नाहीये रे." भर दुपारी घरात एकटे असलेले वडील, समोर सहा रिमोट, टीव्हीवर चित्र दिसतंय आणि बातम्या देणारी बाई नुसतीच ओठ हलवतेय. मी उत्तर त्यांच्या बाजूने देणार आहे.

आधी निकाल सांगतो. पूर्ण टचस्क्रीनचा रिमोट तुमच्या घरात घेऊ नका. पडदा हवाच असेल तर आवाज, म्यूट, चॅनल आणि बाणांची खरी, दाबली की कळणारी बटणं असलेला घ्या. आणि तोही घेण्याआधी एक रविवार मोडून, घरात आहे तेवढ्यातच काय जमतं ते बघा. माझा अंदाज असा की वडिलांचा फोन त्यातच थांबेल.

आता तुमची आवड. ती मी समजू शकतो, कारण मलाही तीच होती. टचस्क्रीन रिमोटमध्ये खरोखरच काही गोष्टी अशा आहेत ज्या साध्या बटणांच्या रिमोटला सहसा जमत नाहीत. तुमच्या रिसिव्हरचा रिमोट हातात घ्या आणि बटणं मोजा. चाळीस-पन्नास निघतील. त्यातली रोज लागतात पाच. पडद्यावर तुम्ही ती पाचच ठेवू शकता, बाकीची नजरेआड. वडिलांसाठी एक वेगळं पान करता येतं: "बातम्या", "कीर्तन", "सिनेमा", "बंद", एवढ्या चारच मोठ्या चौकोनी खुणा. मुलांसाठी वेगळं पान. उद्या ब्लू-रे प्लेयर काढून टाकला तर त्याचं पानही पुसायचं. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, अंधारात पडदा स्वतःच उजळतो, आणि "सिनेमा" दाबलं की टीव्ही, रिसिव्हर, प्लेयर ओळीने सुरू होऊन प्रत्येकाचं इनपुटही (कोणत्या यंत्राचं चित्र-आवाज घ्यायचा ते) जागेवर येतं. मराठी अक्षरं दिसतात का, एवढं मात्र दुकानातच लिहून बघा. काही रिमोटांत देवनागरीच्या जागी नुसते चौकोन येतात. तिथे शब्दाऐवजी चित्र लावायची सोय असेल तरी भागतं.

ही कल्पना नवी नाही. फिलिप्सने १९९८ मध्ये प्रोंटो नावाचा टचस्क्रीन रिमोट आणला तेव्हा घरात सिनेमा बघणाऱ्या हौशी लोकांनी त्याची पानं स्वतः रचायला तासन् तास घालवले. त्याआधी १९८७ मध्ये ॲपलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉझ्नियाकने आपल्या वेगळ्या कंपनीतून दुसऱ्या रिमोटांकडून शिकणारा रिमोट काढला होता. म्हणजे टोपलीभर रिमोटांना कंटाळलेले तुम्ही पहिले नाही.

तरीही मी नको म्हणतो, त्याचं कारण माझ्या घरात घडलं.

पंचवटीतल्या आमच्या घरी मी असाच संपूर्ण पडद्याचा रिमोट आणला होता. कोणत्या कंपनीचा, ते सांगत नाही. दोन रात्री जागून पानं रचली. आईला समोर बसवून सगळं दाखवलं, तिने मान डोलावली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मालिका बघत असताना मावशीचा फोन आला. आवाज कमी करायचा होता. एवढंच. आधीच्या रिमोटवर हे काम तिचा अंगठा करत असे, नजर फोनवर असतानाच. आता तिला चष्मा शोधावा लागला. मग झोपलेला पडदा जागा करण्यासाठी त्यावर बोट ठेवायचं, मग आपण कोणत्या पानावर आहोत ते वाचायचं. कणीक मळून आलेली, बोटं नुकतीच पुसलेली, किंचित ओलसर. पडद्याने एक स्पर्श घेतला नाही आणि पुढचा भलत्याच जागी घेतला. चॅनल बदललं. आवाज तसाच. शेवटी ती उठली आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं.

मी रात्री घरी आलो तर म्हणाली, "मला नको तो. मी आपली रेडिओ ऐकीन."

ते वाक्य मला अजून लागतं. हौस माझी होती आणि टीव्ही तिचा गेला.

बटणाचा रिमोट हाताला पाठ होतो. मधल्या गोल बटणावर, पाचाच्या आकड्यावर, आवाजाच्या उभ्या पट्टीवर उंचवटे असतात ते उगीच नाहीत. अंगठा त्यांच्यावरून वाट काढतो आणि डोळे सिनेमावरच राहतात. सपाट काचेवर अंगठ्याला धरायला काही नसतं. प्रत्येक वेळी खाली बघावं लागतं. दिवे मालवून सिनेमा बघताना खाली बघितलं की डोळ्यांवर पडद्याचा उजेड येतो, मग वर बघितलं की दोन क्षण चित्र काळं वाटतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, एका डोळ्यात अजून ढग असलेल्या माणसाला हा त्रास तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त होतो. शिवाय वय झालं की बोटांची कातडी कोरडी पडते. हल्लीचे पडदे बोटातल्या विजेच्या सूक्ष्म फरकावर चालतात, त्यांना कोरडं बोट नीट कळत नाही. नाशिकच्या थंडीत तर वडिलांना एकेक खूण दोनदा-तीनदा दाबावी लागेल. एक बारकी गोष्ट आणखी: रिमोट मांडीवर पडला किंवा नातवाने उचलला तर पडदा काहीतरी दाबून मोकळा होतो. बटणाला निदान थोडा जोर लागतो.

आता दुकानदाराने बहुधा न सांगितलेली गोष्ट, आणि ही समजून घेतलीत तर पुढची अर्धी डोकेदुखी वाचेल.

बहुतेक रिमोट इन्फ्रारेड प्रकाशाने बोलतात. पुढच्या टोकाचा बारीक दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांतून हुकूम जातो. तो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, भिंतीतून जात नाही, कपाटाच्या लाकडी दारातून जात नाही. आणि हे बोलणं एकतर्फी असतं. रिमोट हुकूम पाठवतो. टीव्हीने तो ऐकला की नाही, हे रिमोटला कळायचा मार्ग नाही. पोस्टात टाकलेल्या साध्या पत्रासारखं.

त्यात बऱ्याच यंत्रांचं चालू आणि बंद करायचं बटण एकच. तोच हुकूम, यंत्र बंद असेल तर चालू करतो, चालू असेल तर बंद. तुम्ही पडद्यावर "सिनेमा" दाबता. रिमोट टीव्हीला, रिसिव्हरला, बॉक्सला ओळीने हुकूम सोडतो. त्या पाच-सात सेकंदांत तुम्ही हात खाली घेतला किंवा समोरून कोणी गेलं, तर एखादा हुकूम चुकतो. टीव्ही चालू, रिसिव्हर बंद. रिमोट मात्र समजून चालतो की सगळं चालू आहे. मग तुम्ही "बंद" दाबलं की टीव्ही बंद होतो आणि रिसिव्हर चालू होतो! इथून पुढे दोघांची चुकामूक सुरूच राहते.

आपल्याकडे याला वीज जोडीला आहे. मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. परत आल्यावर एखादं यंत्र आपणहून चालू होतं, एखादं झोपूनच राहतं. परदेशात बसून रिमोट बनवणाऱ्याने हा हिशेब फारसा केलेला नसतो. दुपारी लाईट येऊन-जाऊन झाल्यावर वडिलांच्या हातातला २४,००० रुपयांचा पडदा "सगळं चालू आहे" असं दाखवेल आणि समोर अंधार असेल. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हा: माझ्या रिसिव्हरला आणि टीव्हीला "फक्त चालू कर" आणि "फक्त बंद कर" असे दोन वेगळे हुकूम या रिमोटमधून जातात का? तुमची यंत्रं ते मानत असतील तर अर्धं काम झालं. विक्रेता गोंधळला तर विषय तिथेच सोडा.

दुसरा प्रश्न: फायर टीव्ही स्टिकचं काय? त्या स्टिकला इन्फ्रारेडचा डोळाच नाही. ती टीव्हीच्या मागे लपलेली असते आणि आपल्या रिमोटशी ब्लूटूथने बोलते. निव्वळ इन्फ्रारेडवर चालणारा युनिव्हर्सल रिमोट, मग तो कितीही महाग असो, तिला थेट हलवू शकत नाही. त्यासाठी रिमोटमध्ये ब्लूटूथ हवं किंवा सोबत हब नावाची डबी हवी. ही डबी टीव्हीजवळ ठेवतात, रिमोट तिच्याशी रेडिओलहरींनी बोलतो आणि ती पुढे प्रत्येक यंत्राच्या भाषेत हुकूम देते. तुम्ही टीव्हीखाली लाकडी कपाट केलं असेल तर हब असलेलाच रिमोट उपयोगाचा, कारण बंद दारातूनही काम होतं. हुकूम चुकण्याचा प्रकारही कमी होतो. हात कुठेही असला तरी डबी जागची हलत नाही.

एसीला मात्र यात ओढू नका. एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला तापमान, पंखा, मोड असं सगळं एकत्र पाठवतो. म्हणून एकेक बटण शिकवत बसलात तर भलतंच तापमान लागतं. तो रिमोट भिंतीवरच्या खुंटीला राहू दे.

तिसरा प्रश्न पैशांशी निगडित आहे आणि मला तो सगळ्यात जास्त टोचतो. यातले बरेच रिमोट कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून जोडलेल्या तिच्या संगणकावर, अवलंबून असतात. कोणत्या मॉडेलला कोणता हुकूम, ही भलीमोठी यादी तिथे असते. रचना बदलायची तर ॲप लागतं, ॲपला सर्व्हर लागतो. प्रोंटो फिलिप्सने २०१० मध्ये बंद केला. या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे लॉजिटेकचं हार्मनी. पडदाही आणि बटणंही, असा मेळ त्यांनी छान साधला होता. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. आधीच्या गिऱ्हाइकांसाठी सेवा चालू ठेवू असं ते म्हणाले खरे, पण त्याच घराण्यातला, २०१९ मध्ये आलेला आवाजावर चालणारा हार्मनी एक्स्प्रेस २०२० च्या सप्टेंबरअखेर सर्व्हरसह बंद झाला आणि लोकांच्या हातात नुसतं प्लॅस्टिक उरलं. कंपनीने पैसे परत किंवा बदली रिमोट देऊ केला, हे तिचं चांगलं. तुमच्या दुकानदाराच्या रिमोटची कंपनी उद्या बंद पडली तर तो दारात उभा राहील का? बिल, वॉरंटी आणि भारतात दुरुस्ती कोण करणार, हे लेखी मागा. कोणी जुना हार्मनी स्वस्तात देऊ केला तर मोह होईल. बॅटरी किती जुनी आहे आणि तुमच्यासमोर ॲपमध्ये नवीन खातं उघडून त्यात तुमची यंत्रं जोडता येतात का, हे बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

बॅटरीवरून आठवलं. साध्या रिमोटला दोन पेन्सिल सेल घातले की वर्षभर बघायला नको. अडलाच तर आपण सेल फिरवतो, तळहातावर आपटतो, तो चालतो. पडद्याच्या रिमोटला चार्जिंग लागतं. रात्री चार्जिंगच्या पाळण्यात ठेवायला विसरलात की ऐन मॅचच्या वेळी काळा. तीन-चार वर्षांनी आतली लिथियम बॅटरी थकते आणि तशीच बॅटरी नाशिकमध्ये मिळेल याची खात्री नाही. उलट साध्या टीव्ही रिमोटचा जुळा एम. जी. रोडला एखाद्या नोटेत मिळून जातो.

आता रविवारचं काम. फुकट आहे, फक्त धीर लागतो.

तुमचा टीव्ही आणि रिसिव्हर ज्या एचडीएमआय केबलने जोडलेत, तिच्यातून चित्र आणि आवाजाशिवाय हुकूमही जाऊ शकतात. या सोयीचं नाव सीईसी. प्रत्येक कंपनीने तिचं वेगळं बारसं केलंय, म्हणून लोकांना ती सापडत नाही. सोनीच्या टीव्हीत ती "ब्राव्हिया सिंक" म्हणून असते, सॅमसंगमध्ये "एनीनेट प्लस", एलजीमध्ये "सिंपलिंक". रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये बहुधा "एचडीएमआय कंट्रोल" असं लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा ते बंदच असतं. दोन्हीकडे चालू करा. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय भोकाशेजारी "एआरसी" किंवा "ईएआरसी" लिहिलंय, त्यातच रिसिव्हरच्या आउटची केबल हवी. दुसऱ्या भोकात असेल तर टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे जाणारच नाही. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये "ऑडिओ सिस्टिम" निवडा. सगळी यंत्रं बोर्डावरून बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा लावा, ही जोडी बऱ्याचदा त्यानंतरच जुळते.

हे जमलं की टीव्हीचा रिमोट दाबला, टीव्हीबरोबर रिसिव्हरही जागा होतो. टीव्हीच्याच रिमोटने रिसिव्हरचा आवाज कमी-जास्त होतो. फायर टीव्ही स्टिकही टीव्हीच्या बाणांवर चालते. तुमच्या वडिलांना आवाज येत नाही याचं कारण माझ्या मते हेच असणार: टीव्ही चालू होतो आणि रिसिव्हर एक तर झोपलेला असतो किंवा भलत्या इनपुटवर बसलेला असतो.

सेट टॉप बॉक्स या साखळीत येईलच असं नाही. त्यावर साधा उपाय आहे. डिशच्या बऱ्याच रिमोटांना टीव्हीचे आवाज आणि पॉवर हे दोन-तीन हुकूम शिकवता येतात. दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून काही सेंटिमीटरवर धरायचे, कोणती कळ किती वेळ दाबायची ते बॉक्सच्या पुस्तिकेत असतं. म्हणजे वडिलांच्या हातात उरला एक रिमोट, त्यांच्या ओळखीचा. नको असलेल्या बटणांवर कापडी चिकटपट्टी लावा आणि आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवा. तो थेंब अंधारात अंगठ्याला सापडतो. सिनेमाच्या वेळी तुमच्या हातात फायर टीव्हीचा रिमोट. त्याच्या सेटिंगमध्ये "इक्विपमेंट कंट्रोल" मध्ये जाऊन रिसिव्हरचं मॉडेल निवडलंत तर आवाज तिथूनच होतो. सहातले चार रिमोट टोपलीतून निघाले.

एवढं करून तुमची हौस उरलीच, आणि ती उरावी असंच मला वाटतं, तर दोन वाटा आहेत. घरात इन्फ्रारेडचा दिवा असलेला फोन आहे का बघा. शाओमीच्या बऱ्याच फोनांत तो असतो आणि रिमोटचं ॲपही आधीच असतं. जुना फोन टीपॉयवर ठेवून त्याचा टचस्क्रीन रिमोट करा आणि महिनाभर वापरा. काचेवर बोट फिरवणं तुम्हाला स्वतःला रुचतं का, हे एक रुपया न घालवता कळेल. त्यानंतरही घ्यायचा असेल तर हब असलेला, ब्लूटूथ असलेला, वर छोटा पडदा आणि खाली खरी बटणं अशा मेळाचा रिमोट शोधा. तुमच्या पत्नीला आणि वडिलांना दुकानात सोबत न्या. दुकानदाराला दिवे घालवायला सांगा, रिमोट वडिलांच्या हातात द्या, चष्मा काढायला सांगा आणि म्हणा, "दादा, आवाज बंद करा." त्यांनी खाली न बघता केला, तर माझी काही हरकत नाही.

हौस आपल्या गावाच्या पाण्यातच आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपलं चित्रपटांचं काम नाशिकला आणलं, त्या गावात माणसाने घरात चांगला सिनेमा बघावा, त्यासाठी खर्च करावा, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच सुचवतो की ते २४,००० जवळ ठेवा आणि त्यातला काही भाग मधल्या स्पीकरवर घाला. ५.१ मध्ये माणसांचं बोलणं मुख्यतः त्याच स्पीकरमधून येतं. तो टीव्हीखालच्या कपाटात आत सरकवलेला असेल तर आधी पुढच्या काठापर्यंत ओढून घ्या आणि खाली रबराचा तुकडा देऊन बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करा. रिसिव्हरमध्ये त्या एकाच स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. वडिलांना बातम्या स्पष्ट ऐकू आल्या तर आवाज सारखा वर-खाली करावाच लागणार नाही.

पुन्हा कधी दुपारी त्यांचा फोन आला तर घाईने घरी धावू नका. त्यांना सांगा, रिमोटचं पुढचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून एक बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा तो दिवा पुष्कळशा कॅमेऱ्यांत जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्यात बघायला सांगा. ठिपका दिसला तर रिमोट शाबूत आहे, गडबड पलीकडे. नाही दिसला तर सेल बदला. ब्लूटूथच्या रिमोटला ही युक्ती चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आणि टोपलीतून काढलेले रिमोट फेकू नका. नवीन काही शिकवायचं झालं किंवा रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये शिरायचं झालं की मूळ रिमोटच लागतो. सेल काढून ठेवा, आत राहिले तर गळतात आणि स्प्रिंग खातात. प्रत्येकावर यंत्राचं नाव लिहिलेली पट्टी चिकटवून सगळे एका डब्यात घाला, आणि डबा कुठे आहे ते वडिलांनाही दाखवा.